उणे चारशे सतरा किलो सळई : घरबांधणीच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरणाऱ्यांसाठी

दहा टन सळई साईटवर आली. बांधकामात दहा टन चारशे सतरा किलो वापरली गेली. चोरी नाही, बेरीज चुकलेली नाही, वजनकाटाही बरोबर. सॉफ्टवेअर मात्र स्टॉक उणे ४१७ किलो होतोय म्हणून पुढची नोंदच घेत नाही. स्टोअरकीपर वैतागून जुनी वही काढतो आणि त्या साईटपुरतं तुमचं सॉफ्टवेअर तिथेच संपतं.

उलगडा साधा आहे. सळई विकत घेतात वजनावर, वापरतात लांबीवर. लांबीवरून वजन काढायला साईटवर सगळे एकच सूत्र लावतात: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते. १२ मिमीची सळई मीटरला ०.८८९ किलो. पण कारखान्यातून येणारी सळई नेमकी तेवढीच भरेल असं नाही. आयएस १७८६ हे भारतीय मानक १० मिमीच्या वरच्या आणि १६ मिमीपर्यंतच्या सळईला ५ टक्के कमी-जास्त चालवून घेतं. माल ४ टक्के हलका आला, की दहा टनांत जास्त मीटर मिळतात, आणि त्या मीटरांना सूत्र लावलं की कागदावर १०.४१७ टन होतात.

काट्याचा आकडा खरा आणि सूत्राचाही खरा. आमच्या कामात हे जागोजागी होतं. एकाच गोष्टीचे दोन खरे आकडे शेजारी शेजारी ठेवायचे, आणि कुठल्या बिलाला कुठला लावायचा हे धंदेवाल्याला विचारून ठरवायचं. मी पुण्यात पंधरा वर्षं बिल्डर लोकांसाठी सॉफ्टवेअर लिहितोय. टीममध्ये नवीन मुलं-मुली आल्या की त्यांना जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितो.

१. आधी साईट, मग लॅपटॉप

चार शनिवार काढा आणि चालू बांधकामावर जा. ओळख कशी काढायची हे मराठी घरात सांगायला नको. कुणाचा तरी मावसभाऊ सिव्हिलवाला असतोच. बूट घाला, हेल्मेट मागून घ्या, आणि मालकाच्या केबिनमध्ये चहा पीत बसू नका. मुकादम, स्टोअरकीपर आणि साईट इंजिनीअर या तिघांच्या मागे फिरा. एक दिवस स्लॅब भरतानाचा धरा, सकाळी सातपासून. आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या किती वाजता आल्या, चलनावर किती घनमीटर लिहिलेत, तपासणीचे क्यूब (काँक्रीटचे नमुना-ठोकळे) कुणी भरले, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ते कुणी फोडायचे, हे सगळं वहीत उतरवा.

एक शनिवार मात्र खर्चीच्या वेळेचा हवा. खर्ची म्हणजे कामगारांना आठवड्याच्या किराणा-भाजीपुरते हातात दिलेले पैसे. पूर्ण हिशोब पंधरवड्याला किंवा महिन्याला होतो, आणि मधे घेतलेली उचल त्यातून वळती होते. मुकादमाची वही उघडून बघा. एका बिगाऱ्यापुढे सोमवारी १, मंगळवारी १।।, बुधवारी खाडा, गुरुवारी २, शुक्रवारी ।। असं लिहिलेलं असेल. दीड म्हणजे संध्याकाळी थांबला, दोन म्हणजे रात्रभर स्लॅबवर होता. आता आठवा, कॉलेजात हजेरीचा तक्ता कसा शिकवला होता? हजर किंवा गैरहजर. खरा किंवा खोटा. मी स्वतः पहिल्या वर्षी तसाच तक्ता केला होता. मुकादमाने दीड हजेरी दाखवायला एकाच माणसाची दोन नावं टाकली, ‘रामू’ आणि ‘रामू रात्र’. महिनाअखेरीला साईटवर कामगार किती, याचं उत्तर कुणालाच देता येईना.

शब्दही तिथेच वेचा. वाळू-खडी ब्रासमध्ये, आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. सिमेंट गोणीत, गोण ५० किलोची. जमीन गुंठ्यात बोलतात, सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये लिहितात, ग्राहकाला चौरस फुटांत सांगतात आणि महारेराला (घरबांधणीवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाला) चौरस मीटरमध्ये कळवतात. म्हणून मोजमापाच्या प्रत्येक आकड्याशेजारी एककाचा रकाना हवाच. मूळ कागदावर ज्या एककात लिहिलंय तेच साठवा, रूपांतर दाखवताना करा. उलटं केलंत तर ६४.५ चौरस मीटरचा फ्लॅट चार वेळा इकडून तिकडे फिरून ६४.४८ होतो, आणि वकील विचारतो की करारनाम्यातला आकडा का बदलला.

२. एका फ्लॅटचे पैसे शेवटपर्यंत मोजा

बुकिंगपासून ताब्यापर्यंत एका फ्लॅटचा हिशोब एकदा तरी हाताने करा. दुसऱ्या कुठल्याही अभ्यासातून एवढं शिकायला मिळत नाही.

चौकट अशी आहे. रेरा, म्हणजे घरबांधणीच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, २०१६ चा. महाराष्ट्रात महारेराचं काम २०१७ पासून सुरू झालं. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढताना आर्किटेक्ट, इंजिनीअर आणि सीए यांची प्रमाणपत्रं लागतात. महाराष्ट्राच्या आदर्श करारनाम्यात टप्पे ठरवून दिलेत: करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झालं की ४५, सगळे स्लॅब झाले की ७०, मग आतला गिलावा-फरशी, नळकाम, बाहेरचा गिलावा, लिफ्ट असं करत ९५, आणि उरलेले ताबा देताना.

आता ६८,४०,००० रुपयांचा फ्लॅट घ्या. जोतं ते शेवटचा स्लॅब हे २५ टक्के, म्हणजे १७,१०,००० रुपये. स्लॅब अकरा. भागाकार केला की एका स्लॅबचे १,५५,४५४ रुपये आणि वर ५४-५५ पैसे. रुपयात पूर्ण करून १,५५,४५५ धरले, की अकरा स्लॅबचे १७,१०,००५ होतात. पाच रुपये जास्त! हसू नका. मागणीपत्रांची बेरीज करारनाम्याशी जुळत नाही म्हणून बँकेने कर्जाचा हप्ता थांबवलेला मी पाहिलाय. उपाय असा की शेवटच्या टप्प्याला भागाकार लावायचाच नाही. जे उरलं ते त्याच्या वाट्याला. आणि पैशांसाठी फ्लोट कधीही वापरायचा नाही.

पुढे चला. त्या १,५५,४५५ वर ५ टक्के जीएसटी: ७,७७३ रुपये. (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलं तर काहीच नाही. हे दर २०१९ च्या १ एप्रिलपासूनचे, त्याआधी वेगळे होते. म्हणून दर कोडमध्ये लिहू नका. तारखेसकट तक्त्यात ठेवा.) किंमत ५० लाखांच्या वर असल्यामुळे ग्राहक जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापून सरकारला भरतो: १,५५५ रुपये. मग बिल्डरच्या खात्यात येतात १,६१,६७३. मागणी होती १,६३,२२८.

ग्राहकाने पैसे पूर्ण भरलेत. बिल्डरच्या खात्यात १,५५५ बाकी दिसतात. पुन्हा दोन खरे आकडे! नवख्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर या १,५५५ वर व्याज चढवतं आणि स्मरणपत्र पाठवतं. टीडीएसचं प्रमाणपत्र येईपर्यंत ही रक्कम ‘येणे’ आणि ‘थकीत’ यांच्या मधल्या तिसऱ्या खणात ठेवावी लागते. तो खण आहे की नाही, यावरून कुठलंही बिल्डर-सॉफ्टवेअर मी दोन मिनिटांत ओळखतो.

याच भागातली माझी स्वतःची चूक सांगतो. एका प्रकल्पात दोन विंग होत्या. ‘टप्पा पूर्ण’ ही नोंद मी प्रकल्पाला जोडली होती, विंगला नाही. बी विंगचा नववा स्लॅब भरला, इंजिनीअरने मोबाईलवर टिक केली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही विंगच्या ८४ जणांना मागणीपत्रं गेली. ए विंगमधले एक निवृत्त ओव्हरसीयर काका सकाळी फिरायला निघाले ते थेट साईटसमोर गेले. रस्त्यावर उभं राहून त्यांनी आपल्या विंगचे स्लॅब मोजले. सात भरले. मग त्यांनी बिल्डरच्या ऑफिसात फोन केला, आणि तिथून जो फोन मला आला तो इथे लिहिण्यासारखा नाही. तेव्हापासून टप्पा विंगला जोडलेला असतो, आणि इंजिनीअरची ‘झालं’ ही नोंद वेगळी, आर्किटेक्टचं प्रमाणपत्र वेगळं. मागणीपत्र दुसऱ्यावरच निघतं.

महारेराचं संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे. आपल्या भागातले तीन प्रकल्प काढून त्यांची माहिती रकान्यांत मांडून बघा. ‘एक प्रकल्प’ म्हणून जाहिरात होते, पण टप्प्यांनुसार नोंदणी क्रमांक तीन असतात, हे आपोआप लक्षात येईल.

पुनर्विकासाचं काम असेल तर हे सगळं उलटं फिरतं. जुन्या सोसायटीचा सभासद पैसे देत नाही, घेतो: दर महिन्याचं भाडं, सामान हलवण्याचा खर्च, कॉर्पस (एकरकमी निधी). ‘फ्लॅट तिथे ग्राहक, ग्राहक तिथे मागणीपत्र’ असं गृहीत धरून बांधलेली सॉफ्टवेअर इथे अडतात. मुंबई-पुण्यात सध्या हे काम भरपूर आहे, त्यामुळे हा भाग नीट शिकलेला माणूस कुणालाही हवाच असतो.

३. मोजमाप

कंत्राटदाराचं आरए बिल म्हणजे चालू बिल. आजपर्यंतचं एकूण काम, वजा मागच्या बिलापर्यंतचं, वजा रिटेन्शन (हमीपोटी राखून ठेवलेली रक्कम), वजा उचल, वजा बिल्डरने पुरवलेला माल. यात अवघड एकच गोष्ट, काम मोजायचं कसं. गिलाव्याचं उदाहरण घ्या. आयएस १२०० नुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करत नाहीत, म्हणून ०.६ गुणिले ०.६ मीटरच्या व्हेंटिलेटरची जागाही गिलाव्यातच मोजली जाते. अर्धा ते तीन चौरस मीटरची खिडकी असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचा गिलावा असेल, तर वजावट एकाच बाजूची, कारण खिडकीच्या कडा गवंड्याने केलेल्याच असतात. त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजू वजा करायच्या आणि कडा वेगळ्या मोजायच्या.

म्हणजे क्षेत्रफळ काढणारं फंक्शन हे लांबी गुणिले उंची एवढं नसतं. शिवाय खासगी बिल्डर वर्क ऑर्डरमध्ये स्वतःचा नियम लिहितो तो निराळाच. नियम वर्क ऑर्डरसोबत साठवा. मागच्या वर्षीचं बिल आज उघडलं तर मागच्या वर्षीच्याच नियमाने दिसलं पाहिजे.

४. तंत्र कुठलं शिकायचं

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात आणि माझ्या मते याला सगळ्यात कमी वेळ लागतो. एसक्यूएल पक्कं करा, इतकं की जॉइन झोपेतही लिहिता यावा. बॅकएंडला जावा, डॉटनेट, पायथन, पीएचपी यातलं काहीही चालतं. मोबाईलला फ्लटर किंवा कॉटलिन.

मोबाईलचं मात्र जरा थांबून सांगतो. बेसमेंटमध्ये रेंज नसते. इंजिनीअरचा फोन स्वस्तातला, स्क्रीनवर सिमेंट, ऊन डोक्यावर. ॲप नेटशिवाय चाललं पाहिजे, फोटो पाठवण्याआधी लहान केले पाहिजेत, बटणं अंगठ्याएवढी हवीत. नोंदीचा क्रमांक फोनवरच तयार व्हायला हवा, नाहीतर रेंज आल्यावर तेच चलन दोनदा चढतं. दोघांनी एकच नोंद बदलली तर ‘शेवटी आली ती खरी’ असं मानू नका. दोन्ही ठेवा आणि माणसाला विचारा.

टॅलीशी बोलता येणं ही या धंद्यातली हुकमी विद्या आहे. बहुतेक बिल्डरांचे अकाउंटंट टॅली सोडत नाहीत, आणि त्यांनी ती सोडावी असा हट्टही धरू नये. टॅलीला एक्सएमएल पाठवून व्हाउचर चढवता येतं, पोर्ट साधारण ९०००. एक दुपार देऊन करून बघा.

ज्यांना भूमितीची आवड आहे त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे, कॅड (संगणकावरचे नकाशे) आणि बिम (माहितीसकट इमारतीचं त्रिमितीय मॉडेल) यांची. ऑटोकॅड-रेव्हिटसाठी सी शार्पमध्ये प्लगइन लिहिता येतात, पायरेव्हिटमुळे पायथनही चालतं. आयएफसी हा अशा मॉडेलचा खुला फॉरमॅट आहे आणि आयएफसी-ओपन-शेल ही फुकटची लायब्ररी. एखादं मॉडेल उघडून त्यातले दरवाजे मोजा. नकाशा तपासणीचं सॉफ्टवेअरही याच वाटेवर येतं. पुण्याच्या सॉफ्टटेकचं ऑटोडीसीआर हे त्यातलं जुनं नाव. इथे कोडइतकंच नियमावलीचं वाचन लागतं. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेली बांधकामाची एकत्रित नियमावली २०२० च्या डिसेंबरात आली. ती जाडजूड आहे आणि त्यात दुरुस्त्याही होत राहतात.

५. दाखवण्याजोगं एक काम

चॅटबॉट किंवा फ्लॅटच्या किमतीचा अंदाज सांगणारं मॉडेल करू नका. प्रत्येक रेझ्युमेत ते असतं. पंधरा-वीस माणसांचा एक मुकादम गाठा, त्याच्या परवानगीने एका पंधरवड्याच्या हजेरीचे फोटो काढा आणि तेवढंच ॲप करा: हजेरी, खर्ची, उचल, हिशोब. दोन पंधरवडे वही आणि ॲप सोबत चालवा. रक्कम जुळेपर्यंत सोडू नका. जिथे जुळली नाही आणि का जुळली नाही, ते एका पानावर लिहून ठेवा. मुलाखतीत मला ते पान वाचायला आवडेल, कोड नंतर बघू. शून्यापासून करायचं नसेल तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे ईआरपी, म्हणजे धंद्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, मुक्त-स्रोत आहे. त्यात स्टॉक आणि प्रकल्पाचे भाग तयार आहेत, त्यावर आरए बिल बसवून दाखवा.

६. नोकरी कुठे

बिल्डरांसाठी ईआरपी किंवा विक्रीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या, मोठ्या बिल्डरांचे स्वतःचे आयटी विभाग, आणि परदेशी कंपन्यांचं काम करणारी ऑफिसं. अमेरिकेतल्या घरबांधणीचं काम मिळालं तर पुन्हा पहिलीपासून शिकायची तयारी ठेवा. तिथली घरं बहुतांशी लाकडी सांगाड्याची, मापं फूट-इंच-सोळांशात, आणि सगळा जीव ‘चेंज ऑर्डर’मध्ये, म्हणजे ग्राहकाने मधेच बदल मागितला तर त्याची किंमत आणि सही.

सुरुवातीला डेव्हलपरची जागा मिळाली नाही आणि इम्प्लिमेंटेशनची (तयार सॉफ्टवेअर बिल्डरकडे बसवून देण्याची) मिळाली तर ती घ्या, असा माझा सल्ला आहे. घरचे नाक मुरडतील. पण वर्षभर बिल्डरच्या ऑफिसात बसून अकाउंटंटच्या शिव्या खाल्लेला माणूस पुढे जे डिझाइन करतो, ते थेट कोडिंगला बसलेल्याला जमत नाही. सिव्हिल शिकलेल्यांना इथे वरचढ संधी आहे, फक्त एसक्यूएलची भीती काढून टाका. पगार मोठ्या आयटी कंपन्यांच्या मानाने सुरुवातीला कमी वाटू शकतो. वाढतो तो धंदा कळायला लागल्यावर.

मी मुलाखतीत एक प्रश्न नेहमी विचारतो: ग्राहकाने बुकिंग रद्द केलं, तर डेटाबेसमध्ये काय कराल? ‘नोंद डिलीट करू’ म्हणणाऱ्याशी पुढचं बोलणं आटोपतं घेतो. त्याचे पैसे परत द्यायचेत, जीएसटीचा हिशोब व्हायचाय, फ्लॅट दुसऱ्याला विकायचाय आणि तरी पहिल्याचा इतिहास राहायला हवा. ‘फ्लॅट वेगळा, बुकिंग वेगळं, एका फ्लॅटला अनेक बुकिंग’ असं जो कागदावर काढून दाखवतो, त्याला दुसरा चहा मागवतो.

७. पहिलं गो-लाइव्ह

गो-लाइव्ह म्हणजे सॉफ्टवेअर खऱ्या कामात चालू करणं. त्याची तारीख तुम्हाला विचारून ठरत नसली तरी मत जरूर द्या. मार्चमध्ये अकाउंटंट तुमच्याकडे बघणारही नाही. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे बुकिंगचे मुहूर्त; त्यांच्या आधीचे आठ दिवस विक्रीवाल्यांना हातही लावू नका. भर पावसाळ्यात साईट मंदावते, तेव्हा स्टोअर आणि हजेरी सुरू करून घ्या.

विक्री आणि मागणीपत्रांचा भाग मात्र आम्ही पितृपक्षात चालू करतो. त्या पंधरवड्यात लोक घर घ्यायला फिरकत नाहीत, विक्रीचं ऑफिस ओस पडलेलं असतं, आणि एरवी हाताला न लागणारी मुलं दिवसभर प्रशिक्षणाला बसतात. माझी तर सहा गो-लाइव्ह पितृपक्षात झालीत. एका बिल्डरच्या आईंनी पहिल्यांदा हरकत घेतली होती, नवीन काम या दिवसांत कशाला म्हणून. मग मीच म्हटलं, काकू, नवीन काहीच नाही, जुन्याच नोंदी चढवतोय. तेवढं त्यांना पटलं, आणि खोटंही नव्हतं: त्या पंधरा दिवसांत आम्ही २११ फ्लॅटच्या जुन्या पावत्याच चढवत बसलो होतो.